तोकडा अंगरखा

ते १९८९ साल होतं. त्या वर्षी उन्हाळा असा कडक पडला होता, की समुद्रकाठच्या नाबुल गावात गच्च्यांवर घातलेल्या मिरच्या बघता बघता कुरकुरीत होत होत्या. हल्लूमाच्या घरात मात्र मिरच्यांकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. लग्न आठवड्यावर आलं होतं. नवरी चौतिशीची, नवरदेव चाळिशीचा. दीड-दोन वर्षांपूर्वी देशाचे राष्ट्राध्यक्ष बदलले, तेव्हाही गावात एवढी चर्चा झाली नव्हती.

पलंगावर नवरीचा अंगरखा पसरलेला होता. छातीपासून खालच्या काठापर्यंत सोनेरी-रुपेरी तारेनं भरलेला, चिलखतासारखा जड. हल्लूमाचा हात या कामात गावात पहिला. निम्म्या गावच्या मुली तिनं भरलेले अंगरखे घालून सासरी गेल्या होत्या. आणि हा तर तिच्या स्वतःच्या लेकीचा. रौदा पहिलीत जायला लागली त्या वर्षी तिनं तो हातात घेतला होता. आमच्याकडे आया अशाच लवकर सुरुवात करतात. माप कुणाचं घ्यायचं? आईचं. मुलगी आईएवढी होणार, हे सगळे धरूनच चालतात.

रौदानं अंगरखा डोक्यावरून चढवला. घोट्यापर्यंत यायला हवा होता, तो गुडघ्याच्या वरच थांबला.

“जरा वाक,” हल्लूमा म्हणाली.

“किती वाकू, आई? रांगत जाऊ का सासरी?”

कोपऱ्यात बदाम सोलत बसलेली शेदलिया मावशी खुसखुसली. ती हल्लूमाची धाकटी बहीण. तोंडानं तिखट, पण घरात काम निघालं की सगळ्यांच्या आधी हजर. ती म्हणाली, “ताई, एवढ्या वर्षांत कधी काठ वाढवावासा वाटला नाही का तुला?”

“मला वाटलं, थांबेल वाढायची,” हल्लूमा पुटपुटली.

“थांबली ना! छताला टेकल्यावर थांबली.”

रौदा हसली, पण हल्लूमाच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी जल्वा. त्यात नवरी चौथऱ्यावर उभी राहते, दोन्ही हात खांद्याशी वर करते, मेंदीचे तळवे सगळ्यांना दाखवते आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरते. गावच्या बायका डोळ्यांत तेल घालून बघतात. त्यात तो चौथरा, त्यावर ही सहा फुटांच्या वरची मुलगी, आणि अंगात गुडघ्यावर आलेला अंगरखा! शेजारी नवरा येऊन उभा राहिला की तो तिच्या खांद्याच्याही खाली!

“मी ठरवलंय,” हल्लूमा म्हणाली, “जल्वा बसून करायचा. खुर्ची मांडू. बसलेल्या माणसाची उंची कळत नाही, अंगरख्याची लांबीही कळत नाही.”

“बसून जल्वा?” शेदलियाच्या हातातला बदाम घरंगळला. “लोक विचारतील की!”

“सांगायचं, गुडघा दुखतो.”

रौदाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिनं अंगरखा काढला, नीट घडी घातली आणि बाहेर गेली. दारातून जाताना तिनं मान खाली घातली. त्या घरातल्या प्रत्येक दारातून ती तशीच जायची.

आता रौदा म्हणजे कोण, हे त्या काळी नाबुलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाराव्या वर्षी ती आईच्या बरोबरीला आली आणि पुढच्याच वर्षी वडिलांच्या वर गेली. गल्लीतली पोरं ओरडायची, “ए मिनार! वर हवा कशी आहे?” शेजारणी भिंतीवरून हाक मारायच्या, “हल्लूमा, तुझ्या पोरीला पाठव गं, मिरच्यांच्या माळा टांगायच्यात. आमची शिडी सुताराकडे गेलीय.” पोर जायची, माळा टांगून यायची. हल्लूमा मात्र घरात धुमसायची आणि लेकीला म्हणायची, “खांदे पाड. मान आत घे. एवढं ताठ कशाला चालायचं?”

वडील हमादी कुंभार होते. ते म्हणायचे, “भट्टीतून मोठा रांजण निघाला तर मी तो दुकानाच्या तोंडाशी मांडतो, हल्लूमा. मागच्या खोलीत लपवत नाही.”

“रांजणाला सासर शोधावं लागत नाही,” हल्लूमा उत्तर द्यायची.

शाळेत व्यायाम शिकवणारे सी तिजानी (आमच्याकडे मोठ्या माणसाला मानानं ‘सी’ म्हणतात) गावच्या क्लबाच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ तयार करत होते. त्यांनी हमादीला गाठलं आणि मुलगी मागून घेतली. पहिले काही महिने रौदा मैदानावरही पोक काढूनच धावायची. समोरची मुलगी चेंडू घेऊन आली की ही तिच्या अंगावर वाकायची, आणि पंचांची शिट्टी वाजायची. शेवटी सी तिजानी वैतागले.

“पोरी, वाकणं हाच फाउल आहे!” ते म्हणाले. “तू सरळ उभी राहिलीस, हात सरळ वर ठेवलेस, तर तुझ्या डोक्यावरची सगळी हवा तुझी. त्यात कुणी येऊन आपटलं तर तो त्याचा दोष. पण तू वाकलीस की दोष तुझा.”

“म्हणजे कशी उभी राहू, सी?”

ते क्षणभर गोंधळले. मग त्यांना आठवलं, या सगळ्या मुलींनी लहानपणापासून काय पाहिलंय. “जल्व्यातली नवरी पाहिलीस ना? पाय जागेवर. पाठ ताठ. तळवे समोर. तशी!”

रौदा तशी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी ताठ उभं राहायला सांगितलं होतं. त्या दिवसानंतर बास्केटच्या कडीखाली तिच्या हातांवरून चेंडू नेणं कुणाला सोपं गेलं नाही.

गावच्या क्लबातून ती राजधानीच्या क्लबात गेली. तिथे पगार होता, राहायला खोली होती. देशाच्या संघात निवड झाली. पुढे समुद्रापलीकडच्या पालेर्मोहून बोलावणं आलं आणि नाबुलच्या कुंभाराची मुलगी परदेशात पगारी खेळाडू झाली. तिथल्या पगारातून आईकडे फ्रिज आला. हल्लूमा शेजारणींना सांगायची, “मुलगी परदेशात कामाला आहे.” कसल्या कामाला, ते सांगत नसे.

हमादी जवळपासचा एकही सामना चुकवत नसत. रात्री जेवताना ते सगळं सांगायला लागले की हल्लूमा विचारायची, “भाजीत मीठ बरोबर आहे ना?” ती स्वतः एकदाही गेली नाही. कधी कंबर दुखायची, कधी एखाद्या नवरीचा अंगरखा अडलेला असायचा.

हल्लूमाला दुष्ट समजू नका. तिच्या मनात एक काटा रुतून बसला होता. रौदा एकोणीस वर्षांची असताना चांगल्या घरची एक बाई स्थळ घेऊन आली होती. रौदा सरबताचं तबक घेऊन दारातून वाकून आत आली आणि सरळ झाली. बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सरबताला हातही लावला नाही आणि उठली. “आम्हाला सून हवी होती, खांब नको,” असं म्हणून निघून गेली. हे शब्द रौदा विसरली. आईला मात्र ते विसरता आले नाहीत.

पालेर्मोतच रौदाचा गुडघा गेला. उडी मारून खाली आली आणि आत काहीतरी दोरखंडासारखं तुटलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, “चालता येईल. खेळायचं विसरा.” ती नाबुलला परत आली. त्याच हिवाळ्यात हमादी गेले. कुणी काही म्हणायला नको म्हणून भल्या पहाटे, किनारा रिकामा असताना, ती ओल्या वाळूतून चालायची. आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय, मग धावत. सी तिजानी वाळूत पाय रुतवत मागून यायचे आणि ओरडायचे, “ताठ! ताठ!”

आणि ८८च्या वसंतात ती गावच्या क्लबाकडून राजधानीत अंतिम सामना खेळली. शेवटच्या क्षणी नाबुल एका गुणानं पुढे होतं. समोरच्या संघाची सर्वांत चपळ मुलगी चेंडू घेऊन थेट कडीकडे झेपावली. रौदा त्या शिवलेल्या गुडघ्यावर उभी राहिली. ना उडी, ना झेप. पाय जागेवर, पाठ ताठ, तळवे समोर. ती मुलगी तिच्यावर आपटली, चेंडू कडीला शिवून बाहेर गेला. सगळा हॉल पंचांकडे बघत राहिला. शिट्टी वाजलीच नाही! नाबुल जिंकलं!

त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत लल्ला बेया बसल्या होत्या. (बाईमाणसाला मानानं ‘लल्ला’ म्हणतात.) बुटक्या, गोलमटोल, विधवा, आवाज असा की कर्ण्यानं झक मारावी. पदराखाली भाजलेल्या भोपळ्याच्या बियांचा पुडा आणि शेजारी धरून आणलेला मुलगा नासर. नासर शाळेत गणित शिकवायचा आणि आईइतकाच बेताच्या उंचीचा होता. सामना संपल्यावर लल्ला बेया बदामाच्या मिठाईचा डबा घेऊन थेट खेळाडूंच्या खोलीत घुसल्या आणि रौदाला म्हणाल्या, “पोरी, बाहेर माझा मुलगा उभा आहे. लहान आहे, पण टिकाऊ आहे. एकदा बोलून तर बघ.”

रौदा बोलली. नासर तिला म्हणाला, “मला खेळातलं फार कळत नाही. पण तुम्ही उभ्या राहिलात ना, तेव्हा मला कळलं, सरळ रेषा कशाला म्हणतात.” ती इतकी हसली, की गुडघ्यावरचा बर्फ खाली पडला. वर्षभरात तिनं खेळ थांबवला, मुलींच्या शाळेत नोकरी धरली, आणि लग्न ठरलं.

तर अशी ही रौदा. आणि तिला जल्व्याला खुर्चीत बसवायचं चाललं होतं!

लग्नाच्या आधी सासरकडून मेंदीची टोपली येते. ती घेऊन लल्ला बेया आल्या, तेव्हा अंगणात शेदलिया खुर्चीला गुलाबी साटिन गुंडाळत होती.

“ही कुणाची बाई गादी?” लल्ला बेयांनी विचारलं. “न्यायाधीश येणार आहेत का?”

“नवरीची,” शेदलिया म्हणाली. “जल्व्याला बसेल. गुडघा दुखतो ना बिचारीचा.”

“कुणाचा? माझ्या सुनेचा? परवा तर ती माझी पिठाची गोणी गच्चीवर घेऊन गेली! मीच पायऱ्यांवर धापा टाकत होते.”

रौदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती इतक्या शांतपणे बोलली, की दोघी वळून बघायला लागल्या.

“आई म्हणते तर मी बसेन. उंची लपवायची असेल तर लपवा, मला त्याची सवय आहे. पण गुडघ्यावर खोटं बोलू नका. या गुडघ्यासाठी मी वर्षभर वाळू तुडवलीय. बाबा गेले त्या आठवड्यातही तुडवलीय. माझ्याकडे माझं म्हणावं असं जे काही आहे, ते या गुडघ्यावर उभं आहे.”

हल्लूमा मागून आली. “अगं, लोकांना सांगायला काहीतरी कारण नको का?”

“कारण कशाला हवंय?” लल्ला बेयांनी टोपली दाणकन खाली ठेवली. “विहीणबाई, स्पष्ट विचारते, राग मानू नका. तुम्हाला लाज कसली वाटते?”

“लाज नाही हो. भीती वाटते. उद्या चौथऱ्यावर ती उभी राहणार, शेजारी नासर. लोक हसतील.”

“हसू देत की! माझा मुलगा बुटका आहे, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. मीच जन्माला घातलाय त्याला. आणि घातला तेव्हा आणखी बुटका होता.”

शेदलियानं तोंडाला साटिन लावलं. हल्लूमा मात्र हसली नाही. “तुम्हाला माहीत नाही. एक बाई माझ्या दारात बसून म्हणाली होती, सून हवी, खांब नको. माझ्या हातात सरबताचा पेला तसाच राहिला होता.”

लल्ला बेया जवळ सरकल्या. मग हल्लूमाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “एक मूर्ख बाई एकदा बोलली आणि निघून गेली. पण त्यानंतर ती या घरातून गेलीच नाही, विहीणबाई. तुम्ही तिला ठेवून घेतलंत. रोज सकाळी तीच तुमच्या तोंडून बोलते, खांदे पाड, मान आत घे. परक्या बाईचं ऐकून आपण आपली पोर वाकवायची? आणि मग लोकांना दोष द्यायचा?”

“लोकांत राहायचं म्हणजे…”

“लोक म्हणजे कोण? तुम्ही, मी, ही शेदलिया! आपण हसायचं थांबलो की हसणारं उरतं कोण?” मग त्यांनी हळूच विचारलं, “खरं सांगा, तुम्ही हिला खेळताना कधी पाहिलंय?”

अंगणात मोगऱ्याचे गजरे गुंफायला ठेवलेल्या कळ्या होत्या, त्यांच्याकडे हल्लूमा बघत राहिली.

“बसेन मी, आई,” रौदा म्हणाली. तिला आईचा तो चेहरा बघवला नाही. “फक्त गुडघ्याचं नाव कुणी काढायचं नाही. बाकी ज्याला जे वाटायचं ते वाटू दे. वचन?”

“वचन,” हल्लूमा म्हणाली.

लल्ला बेयांनी टोपली उचलली. “तुझी पाठ, तुझी खुर्ची,” त्या सुनेला म्हणाल्या. “पण मला वाईट वाटलं, हे सांगून जाते.”

जल्व्याच्या दिवशी उन्हं कलली तेव्हा अंगण बायकांनी गच्च भरलं होतं. डफ वाजत होते. मोगऱ्याचा आणि धुपाचा वास कोंदला होता. पोरीबाळी भिंतीवर चढून बसल्या होत्या. सजवणाऱ्या बायकांनी रौदाला तोंडावर ओढणी घालून आणलं आणि चौथऱ्यावरच्या गुलाबी खुर्चीत बसवलं. बसल्यावरही ती शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या कानाला लागत होती. अंगरखा ओढूनताणून गुडघ्यांपर्यंत आणला होता.

डफ थांबले. कुजबुज सुरू झाली.

“बसलीय का ही?”

“जल्वा असा असतो होय?”

“काहीतरी लपवतायत.”

शेदलियाला कुजबुज सहन होईना. आपल्या माणसांची बाजू घ्यायची एवढंच तिला कळत होतं. ती मोठ्यानं म्हणाली, “अहो, गुडघा गेलाय तिचा! परदेशातच गेला. उभं राहवत नाही बिचारीला!”

“अरेरे!” पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. “एवढं नाव काढलं, आणि शेवटी खुर्चीच नशिबी आली!”

“म्हणून मुलींना असल्या खेळाला पाठवू नये,” दुसरी म्हणाली. “माझ्या नातीला मी आजच बंद करते.”

खुर्चीच्या हातांवर ठेवलेले मेंदीचे हात आवळले गेले. आणि मग रौदा उठली!

ती घाई न करता उठली. उठली, उठत राहिली. बघणाऱ्यांच्या माना मागे जाऊ लागल्या. तिनं पायानं खुर्ची मागे सारली. अंगरखा सरसर वर गेला, त्याखालचं साधं पांढरं कापड उघडं पडलं. तिनं पाय जागेवर रोवले. पाठ ताठ केली. दोन्ही हात वर नेले आणि तळवे समोर धरले.

आणि ती फिरायला लागली. सगळा भार त्या शिवलेल्या गुडघ्यावर घेऊन, सोन्याचा तो जड अंगरखा अंगावर पेलत, एकदाही न डगमगता ती गोल फिरली. डफ वाजवणाऱ्या बायका वाजवायचं विसरल्या. एवढ्या शांततेत भिंतीवरच्या एका मुलीला हसू फुटलं.

“अगं बाई, अंगरखा बघा! गुडघ्यावर आलाय!”

दोघीतिघी हसल्या. हल्लूमाच्या कानात ते हसू शिरलं. याच हसण्याला ती पंधरा वर्षं घाबरत होती. तिनं वर पाहिलं, लेकीला खाली बसायची खूण करायला हातही उचलला. आणि तो हात तसाच राहिला.

ती लेकीला पहिल्यांदाच अशी बघत होती. दारातून वाकून येणारी, खांदे पाडून वाढायला बसणारी, आपल्याशी बोलताना मान तिरकी करणारी ती मुलगी ही नव्हती. हमादी जेवताना जे सांगायचे, आणि जे ऐकायचं नाही म्हणून तिनं मीठ विचारलं होतं, ते हेच होतं. हजारो परक्या माणसांनी तिकिटं काढून आपली पोर बघितली, आणि आपण शेजारच्या गल्लीतल्या मैदानावर गेलो नाही!

हल्लूमा उठली. बायकांमधून वाट काढत ती चौथऱ्याशी गेली आणि हसणाऱ्यांकडे वळली.

“हसा!” ती ओरडली. तिचा आवाज कापत होता, पण शेवटच्या भिंतीपर्यंत पोचत होता. “हसायचंच असेल तर मला हसा! अंगरखा तोकडा आहे, माझी मुलगी लांब नाही! ही डोळ्यांसमोर वाढत होती आणि मी जुनंच माप धरून बसले. गावभरच्या पोरींना मापाचे कपडे शिवले आणि स्वतःच्या पोरीला म्हटलं, तूच वाक! तिचा गुडघा आता ठणठणीत आहे. नजर माझी अधू होती!”

मग हल्लूमानं मान मागे टाकली आणि जीभ हलवत आनंदाची अशी लांब, खणखणीत किलकारी काढली, की पलीकडच्या गल्लीतले कुत्रे भुंकायला लागले. तिच्या मागोमाग लल्ला बेयांची किलकारी उठली. मग शेदलियाची. रडत रडत, पण सगळ्यांत लांब! मग सगळं अंगण उसळलं. डफ पुन्हा सुरू झाले. “ताठ! ताठ!” असं दाराबाहेरून कुणीतरी पुरुषी आवाजात ओरडलं. ते म्हातारे सी तिजानी होते. आत यायला मनाई म्हणून बाहेर ओट्यावर बसून त्यांनी नुसत्या आवाजावरून सगळा सामना ओळखला होता.

नवरीची ओढणी उचलायला नवरदेवाला आत बोलावलं. नासर कानामागे मोगऱ्याचा गजरा खोचून चौथऱ्यावर आला आणि थांबला. त्यानं वर पाहिलं. बायका श्वास रोखून बघत होत्या.

“मी खाली वाकू का?” रौदानं ओढणीतून हळूच विचारलं.

“मुळीच नाही,” नासर म्हणाला. “वाकणं फाउल आहे, असं ऐकलंय.”

त्यानं मागे सारलेली ती गुलाबी साटिनची खुर्ची पुढे ओढली, चपला काढल्या, आणि तो खुर्चीवर चढला! तिथून त्यानं बायकोची ओढणी उचलली आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्या दिवशी बायका जेवढ्या हसल्या तेवढ्या नाबुलच्या एकाही लग्नात हसल्या नसतील. पण त्या हसण्यात टोचणारं काही उरलं नव्हतं. लल्ला बेया सगळ्यांना ढोसून सांगत होत्या, “बघा! लहान आहे, पण पोचला की नाही?”

गर्दी पांगल्यावर हल्लूमानं लेकीला विचारलं, “त्या हॉलमध्ये तू अशीच उभी राहायचीस?”

“अशीच, आई.”

“मग तुझ्या बाबांना इतकं बोलावंसं वाटायचं, यात नवल नाही,” हल्लूमा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं.

हल्लूमानं त्या हिवाळ्यात अंगरख्याचा काठ उसवला आणि खाली नव्या तारेचा रुंद पट्टा भरला. जुनं सोनं मळलेलं, नवं लखलखीत, त्यामुळे जोड लांबूनही दिसायची. कुणी म्हटलं, नवी तार थोडी मळव म्हणजे कळणार नाही, तर ती म्हणायची, “कळू दे.” त्यानंतर तिनं एकाही नवरीचं माप आईवरून घेतलं नाही. मुलीला समोर उभी करायची आणि आधी म्हणायची, “सरळ उभी राहा, पोरी. मग फीत लावते.” पुढे गावच्या मैदानावर तिची जागा ठरून गेली. खेळ तिला शेवटपर्यंत कळला नाही, पण शिट्टी वाजली की ती पंचांशी भांडायची. डोळे अधू होईपर्यंत ती भरतकाम करत राहिली आणि लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

लल्ला बेया तिच्या शेजारी बसायच्या, बियांचा पुडा दोघींत. त्या गेल्या तेव्हा मुलींचा संघ क्लबाचे कपडे घालून त्यांच्या दारात उभा होता. सी तिजानींना वय झाल्यावर नावं आठवेनाशी झाली. पण कुणी पोक काढून समोरून गेलं की ते ओरडल्याशिवाय राहत नसत. शेदलिया मावशीची नात उंचीनं रौदाच्या कानाला लागली, आणि मावशी जो भेटेल त्याला सांगत सुटली की उंची आमच्याच बाजूनं आलीय. जल्व्यात ज्या बाईनं नातीला खेळायचं बंद करते म्हटलं होतं, तिनं बंद केलं नाही. ती नात पुढे रौदाच्या हाताखाली खेळली.

रौदानं कित्येक वर्षं मुलींना शिकवलं. आता तिचे केस पांढरे झालेत आणि पाऊस यायच्या आधी गुडघा खरंच दुखतो. ते ती सगळ्यांना बिनदिक्कत सांगते. नासर निवृत्त झाला, संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर फिरायला जातात, ती ताठ आणि तो भरभर पावलं टाकत. त्यांना एकच मुलगी झाली, ती वडिलांवर गेली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची. तिनं चेंडूला कधी हात लावला नाही. ती मातीची भांडी करते, आजोबांसारखी. तिच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, उंच टाचांचे जोडे घाल म्हणजे फोटोत बरी दिसशील. तेव्हा रौदा एवढंच म्हणाली, “माझी मुलगी आहे तेवढी पूर्ण आहे.” आणि आजीच्या हातच्या त्या अंगरख्याचा लखलखीत पट्टा तिनं स्वतः उसवून वेगळा काढला, अंगरखा लेकीच्या मापाला यावा म्हणून.

तो पट्टा घडी घालून ठेवलेला आहे. गावात एखादी उंच नवरी निघाली की तिची आई येऊन तो घेऊन जाते, आणि पट्टा पुन्हा एका अंगरख्याला जोडला जातो.

तेव्हा आपणही आपल्या घरातल्या मुलांकडे एकदा नीट बघावं. कुणी उंच असेल, कुणी ठेंगणं, कुणी काळंसावळं, कुणी आपण ठरवलेल्या वाटेनं न जाणारं. आपण हातात धरलेल्या मापात मूल बसलं नाही, तर माप उसवून मोठं करायचं असतं. मुलाला वाकवायचं नसतं.